पायाखाली थरथरणारा ब्रेक सोडू नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

१ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या नव्या दुचाकींना एबीएस (अँटी-लॉक ब्रेकिंग सिस्टीम, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचे झाले. परंतु ते वापरायचे कसे, हे गाडी देताना क्वचितच सांगितले जाते. चाकाजवळचा सेन्सर वेग मोजत असतो आणि चाक अचानक थांबून घसरू लागणार असे दिसताच ब्रेकचा दाब सेकंदाला अनेक वेळा कमी-जास्त केला जातो, त्यामुळे चाक फिरत राहते आणि गाडी वळवता येते. मोटारीत या वेळी पेडल पायाखाली थरथरते. बिघाड झाला असे वाटून अनेकजण नेमका तेव्हाच पाय काढतात, ही माझ्या मते सर्वांत घातक चूक आहे. पाय घट्ट दाबून ठेवावा, जुन्या सवयीने ब्रेक पंप करू नये.

सैल खडीवर मात्र एबीएस असूनही थांबायला जास्त अंतर लागू शकते. शिवाय अनेक दुचाकींत ते केवळ पुढच्या चाकाला असते, मागचे चाक घसरू शकतेच. म्हणून पावसाळ्यात घाट उतरताना पुढच्या गाडीपासून अंतर वाढवावे, आणि डॅशबोर्डवरचा एबीएसचा पिवळा दिवा विझत नसेल तर गाडी लगेच तपासून घ्यावी.

आपला,
एक वाचक