नफ्यातला वाटा, पण कोणता नफा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘तुमच्या खरेदीतून एका मुलाचे शिक्षण’ अशा ओळी वस्तूंच्या वेष्टनावर अलीकडे सर्रास दिसतात. मी ती वस्तू उलटी करून बारीक अक्षरे शोधतो. बारा वर्षे एका सेवाभावी संस्थेचा खजिनदार होतो, तेव्हापासूनची ही खोड.

आमच्या संस्थेबरोबरही एका सामाजिक उद्योगाने (समाजकार्याला हातभार लावण्यासाठी चालवलेल्या व्यवसायाने) करार केला होता : नफ्याचा दहावा हिस्सा संस्थेला. आम्ही हरखलो. नाव वापरू दिले, मुलांची छायाचित्रे दिली (ती द्यायला नको होती, हे आज कळते). तीन वर्षे विक्री वाढत गेली आणि नफा शून्यावरच राहिला. यात लबाडी नव्हती. पगार, जाहिरात, कर्जाचे व्याज, नवे यंत्र हे सारे वजा जाऊन उरतो तो नफा, आणि किती उरू द्यायचा हे बरेचसे उद्योग चालवणाऱ्याच्याच हाती असते. चूक आमची. विक्रीवर टक्केवारी किंवा निदान वर्षाची किमान रक्कम लिहून घ्यायला हवी होती. अगदी नवा उद्योग विक्रीवरच्या हिश्श्याने बुडूही शकतो, हे मान्य. पण तिथे पहिली एक-दोन वर्षे नाममात्र रक्कम आणि नंतर चढता हिस्सा ठरवता येतो.

त्याहून पक्का मार्ग म्हणजे उद्योगाची मालकीच संस्थेकडे असणे. ऑक्सफॅम या ब्रिटिश मदतसंस्थेने १९४८ मध्ये ऑक्सफर्डच्या ब्रॉड स्ट्रीटवर दुकान थाटले. लोकांनी दिलेल्या वस्तू विकून मदतकार्याला पैसा उभा करायची ती सोय आजही चालू आहे. अभिनेते पॉल न्यूमन यांनी १९८२ मध्ये सॅलडच्या ड्रेसिंगपासून सुरू केलेल्या ‘न्यूमन्स ओन’चा सगळा नफा धर्मादाय कामांना जातो, आणि आज कंपनी त्यांच्या फाउंडेशनच्या मालकीची आहे. तेही सहजासहजी झाले नाही. अमेरिकेत खासगी फाउंडेशनला एखाद्या कंपनीत सहसा २० टक्क्यांहून अधिक मालकी ठेवता येत नाही. २०१८ मध्ये कायद्यात अपवाद घातला गेला, तेव्हा त्यांची अडचण सुटली.

मालकीबरोबर धोकाही येतो. उद्योग तोट्यात गेला की विश्वस्तांना मोह होतो : यंदापुरते संस्थेच्या पैशातून भागवू. देणगीदाराने मुलांसाठी दिलेला पैसा असा दुकानाच्या भाड्यात जिरतो. म्हणून उद्योगाची कंपनी वेगळी, खाते वेगळे, ताळेबंद वेगळा हवा, आणि संस्थेने कर्ज दिलेच तर तेही कागदावर, व्याजासकट.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कुणी विचारेल. देणगीदार वह्यांना पैसे देतो, रुग्णवाहिकेला देतो. विजेचे बिल, लेखापरीक्षण आणि हिशेब लिहिणाऱ्याचा पगार यांना कुणी देत नाही. उद्योगाकडून येणारा पैसा कुठल्या प्रकल्पाला बांधलेला नसेल, तर तो नेमका इथे कामी येतो. आमच्याकडे तसा पैसा असता तर दोन चांगले कार्यकर्ते प्रकल्प संपला म्हणून गमवावे लागले नसते.

पैशाशिवायही आधार देता येतो. मदुराईच्या अरविंद नेत्रालयाला मोतीबिंदू काढून डोळ्यात बसवायची परदेशी भिंगे परवडत नव्हती. १९९२ मध्ये त्यांचाच ऑरोलॅब हा कारखाना सुरू झाला, भिंगे इथेच आणि स्वस्तात बनू लागली. धनादेशाने एका वर्षाच्या शस्त्रक्रिया झाल्या असत्या. भिंगाची किंमत उतरल्याचा लाभ मात्र दरवर्षी मिळतो.

आपल्या दैनिकात उद्योजक संस्थाचालकांच्या हाती धनादेश देताना नेहमी दिसतात. पुढच्या वेळी छायाचित्राखाली ती रक्कम विक्रीच्या किती टक्के आहे आणि पुढच्या वर्षीचा करार झाला आहे का, हेही छापाल का?

आपला,
एक माजी खजिनदार