आबांची जखम सांभाळणाऱ्या सिस्टरना

सिस्टर,

तुमचं नाव इथं लिहीत नाही. पण कोल्हापुरात त्या वॉर्डात ज्यांचं माणूस होतं, ते बरोबर ओळखतील.

आबांच्या खुब्याचं ऑपरेशन आधी दुसरीकडं झालं होतं. हाड नीट बसलं, आणि मग टाक्यांतून पू यायला लागला. एकाच हातमोज्यांनी ह्या कॉटवरून त्या कॉटवर ड्रेसिंग चाललेलं आम्ही बघत होतो. आईनं विचारलं, तर "तुम्ही डॉक्टर आहात काय?" असं उत्तर मिळालं. नंतर सगळा दोष आबांच्या शुगरवर ढकलला. शुगर होती, मग जास्तच जपायला नको होतं का?

तुम्ही पहिल्याच दिवशी म्हणालात, "आबा, कुणीही हात न धुता जखमेजवळ आलं तर हटकायचं. मी असले तरी."

डॉक्टर-नर्ससमोर आबांनी कधी तोंड उघडलं नव्हतं. एका संध्याकाळी शेजारच्या पेशंटचं सलाईन बदलून तुम्ही घाईनं आलात आणि आबा हळूच म्हणाले, "सिस्टर, हात?" तुम्ही जागच्या जागी थांबलात. सॅनिटायझरची बाटली दाबली. तळवे, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखं, हात कोरडे होईपर्यंत चोळलंत. मग म्हणालात, "बरं केलंसा आबा." चेहऱ्यावर आठी नाही, आवाजात राग नाही. त्या दिवसापासून आबांची भीतीच गेली.

1847 साली व्हिएन्नात सेमेलवाइस या डॉक्टरनं हात धुवायला लावून बाळंतिणींचे मृत्यू कमी करून दाखवले, तर बरेच डॉक्टर त्याच्यावरच चिडले. ती चिडचिड अजून गेलेली नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की आपल्यासारख्या देशांत दवाखान्यात दाखल झालेल्या शंभरांतल्या 15 जणांना तिथंच नवा संसर्ग होतो. ह्याला नशीब कसं म्हणायचं?

राऊंडला तुम्ही रोज डॉक्टरांना विचारायचात, "लघवीची नळी आज काढायची का?" नळी जितकी जास्त दिवस राहील तितका जंतूंना वाव, हे तुम्हीच आईला समजावलंत. कॉटवर बसणाऱ्या पै-पाहुण्यांनाही तुम्ही गोडीनंच उठवलंत.

तुमच्या साहेबांना मात्र एक विनंती आहे. रात्रपाळीला अख्खा वॉर्ड एकट्या सिस्टरवर टाकू नका. धावपळीत पहिल्यांदा राहतं ते हात धुणंच.

आबांच्या, आईच्या आणि आम्हा सगळ्यांच्या वतीनं तुमचे मनापासून आभार.

आबांचा थोरला