न दिसणारा उजेड

चि. ईशास अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर बोलता बोलता तू सांगून गेलीस, की तुमच्या प्रयोगशाळेतल्या एका मुलाच्या डोळ्यात लेसरचा परावर्तित किरण गेला. आणि लगेच विषय बदललास. मला तो बदलता आलेला नाही.

डोळ्यांबद्दल एकदाच लिहिते. डिस्प्रोसियम या धातूचे अणू थंड करणारे ४२१ नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा आणि ६२६चा लाल, हे किरण निदान दिसतात तरी. अणूंना सापळ्यात धरून ठेवणारा १०६४चा किरण अवरक्त. तो दिसत नाही, म्हणून पापणीही मिटत नाही. दमलेल्या माणसाला वाटतं, एकच आरसा तर सरळ करायचाय, संरक्षक चष्मा कशाला? तू असं कधीही... बघ, भाषण सुरू झालं. माफ कर. तुला हे माझ्याहून जास्त कळतं.

लहानपणी पालथी पडून तू दोन चुंबकपट्ट्या तासन्‌तास फिरवायचीस. एकाच दिशेच्या पट्ट्या, एकीमागे एक ठेवल्या की ओढ, शेजारी शेजारी ठेवल्या की ढकल. "असं का?" म्हणून अप्पांना भंडावून सोडायचीस. आता तोच प्रश्न तू अणूंना विचारतेस, निरपेक्ष शून्याच्या वर केल्विनच्या अब्जांश भागांत मोजाव्या लागणाऱ्या तापमानाला. डिस्प्रोसियमच्या अणूचं चुंबकत्व रुबिडियमच्या दहापट, म्हणून दोन अणूंमधला चुंबकी परिणाम शंभरपट, हे मला आता पाठ आहे. अशा अणूंचा ढग स्वतःच्याच ओढीनं कोसळायला हवा, पण क्वांटम चढउतार, म्हणजे कधीच पूर्ण न थांबणारी सूक्ष्म थरथर, त्याला सावरतात आणि त्याचे थेंब होतात. २०१९ मध्ये पिसा, श्टुटगार्ट आणि इन्सब्रुक इथल्या गटांनी त्या थेंबांचा सुपरसॉलिड दाखवला: स्फटिकासारखी ठरावीक अंतरावरची मांडणी, तरीही घर्षणाशिवाय वाहणारा. हे वाचलं तेव्हा मी बाबांना झोपेतून उठवून सांगितलं. तात्या उपयोग विचारतात. द्रव्य असंही असू शकतं हे कळणं मला पुरेसं मोठं वाटतं, आणि ते शोधणाऱ्यांत माझी मुलगी आहे.

पण अप्पांच्या डोळ्यांचं शेवटी काय झालं, तू पाहिलंयस. म्हणून विचारते, तुमच्याकडे १०६४साठीचे चष्मे माणशी एक आहेत का? तो मुलगा आता कसा आहे? त्याच्या घरी कळवलंय ना?

प्रबंधाचं दुसरं प्रकरण पाठव. अक्षर मोठं ठेव, बाबांनाही वाचायचंय.

तुझी,
आई