लाल बटणाआधी ‘पोचले’ची नोंद हवी

मा. संपादक,

विद्यार्थ्यांच्या रात्रीच्या सुरक्षिततेसाठी मोबाईल ॲप हा अंतिम वर्षाच्या प्रकल्पांचा आवडता विषय. बहुतेकांचा सगळा भर मदत मागण्याच्या एका मोठ्या लाल बटणावर असतो. फोन हिसकावला गेला, बॅटरी संपली किंवा बटण दाबायला सवडच मिळाली नाही, तर ते कुचकामी ठरते. म्हणून आधी प्रवासाचे घड्याळ करावे.

पणजी बसस्थानकावर कदंबच्या बसमध्ये चढताना मुलीने ‘फर्मागुडी, ७५ मिनिटे’ असे निवडायचे. हे घड्याळ फोनमध्ये नव्हे, सर्व्हरवर चालले पाहिजे. वेळ संपली आणि ‘पोचले’ची नोंद आली नाही, तर सर्व्हर आधी तिलाच विचारतो, ३ मिनिटांनी मैत्रिणीला कळवतो, आणखी ५ मिनिटांनी वसतिगृहाच्या वॉर्डनला. फोन बंद पडला तरी इशारा जातोच. घड्याळ फोनवर ठेवले की नेमका हाच फायदा जातो.

यात खरी अडचण विसराळूपणाची. जेवणाच्या गडबडीत नोंद राहते, आठवडाभर खोटे इशारे येतात आणि वॉर्डन फोन सायलेंटवर टाकतात. त्यासाठी वसतिगृहाभोवती १५० मीटरचे वर्तुळ आखावे. फोन आत आला की ॲपने ‘पोचलात का?’ असे विचारावे. वर्तुळ याहून फार लहान केले तर इमारतींजवळ जीपीएस चुकते. नोंद मात्र आपोआप होऊ देऊ नये, कारण फोन आत आला म्हणजे मुलगी आली असे नाही. बस रखडली तर वेळ १५ मिनिटांनी वाढवायची सोयही हवी. सत्तरी-काणकोणात रेंज जाते, तिथे ही सोय आधीच वापरायला शिकवावी.

बटणही हवेच, पण त्याच्या मर्यादा ओळखून. अँड्रॉइड कुठल्याही साध्या ॲपला ११२ हा आणीबाणीचा क्रमांक परस्पर लावू देत नाही. क्रमांक समोर येतो, कॉलचे बटण माणसालाच दाबावे लागते. आयफोनवर ॲपला गुपचूप एसएमएस पाठवता येत नाही, म्हणून तो सर्व्हरवरून जायला हवा. त्यासाठी डीएलटी नोंदणी (असे एसएमएस पाठवण्याआधी दूरसंचार कंपन्यांकडे करायची नोंदणी) आणि मजकुराची मंजुरी लागते. हे काम शेवटच्या आठवड्यावर टाकू नये. देवनागरी एसएमएसमध्ये ७० अक्षरे मावतात, रोमनमध्ये १६०. तेव्हा ठिकाणाचा दुवा सर्वांत आधी घालावा. अक्षांश-रेखांशाचे ५ दशांश पुरतात, त्यात साधारण मीटरभराची अचूकता येते. पण ‘१२ मिनिटांपूर्वीचे ठिकाण, ८०० मीटर इकडेतिकडे’ हेही लिहावे, नाहीतर माणसे भलत्याच वाड्यावर शोधत बसतात.

इशारा रद्द करायला पिन असावा. कोणी जबरदस्तीने रद्द करायला लावले तर म्हणून दुसरा एक पिन असा ठेवावा की पडद्यावर ‘रद्द’ दिसेल, पण इशारा चालूच राहील. जुलैच्या पावसात ओला पडदा बोटाला दाद देत नाही. म्हणून फोनचे स्वतःचे एसओएस (आणीबाणीत मदत मागण्याची सोय), जे अनेक अँड्रॉइड फोनवर पॉवर बटण पाचदा दाबून चालू होते, तेही ॲप बसवतानाच लावून द्यावे.

चाचणी प्रयोगशाळेतल्या नव्या फोनवर नको. तीन वर्षांचा स्वस्त फोन घ्यावा, बॅटरी सेव्हर चालू करावा आणि पडदा बंद करून तासभर खिशात ठेवावा. काही कंपन्यांचे फोन मागे चालणारी ॲप सर्रास मारून टाकतात. प्रवास चालू असेपर्यंत सूचनापट्टीत कायम दिसणारी सूचना ठेवली तर हे बरेच टळते, आणि ‘सदैव लोकेशन’ची परवानगीही मागावी लागत नाही.

उच्च माध्यमिकच्या बहुतेक मुली १८ वर्षांखालील असतात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये तिथे पालकांच्या संमतीची तरतूद आहे. प्रवास संपला की मार्गाची नोंद पुसावी आणि वॉर्डनला ठिकाण केवळ इशाऱ्यानंतरच दिसावे. काही पालकांना ‘सगळे दिसले तर बरे’ वाटेल. तसे केले तर मुली पहिल्याच महिन्यात ॲप काढून टाकतील.

वॉर्डन रजेवर असताना इशारा कोणाकडे जाणार, ते नाव सर्व्हरवर भरल्याशिवाय ॲप कोणाच्या हाती देऊ नये.

— मोबाईल ॲप बनवणारे काही जण, फोंडा