स्टेंट टाकला म्हणजे पेशंट बरा झाला असं नसतं, साहेब

मा. आरोग्यमंत्री साहेब, महाराष्ट्र राज्य,

सादर नमस्कार. मी हिंगोली जिल्ह्यातल्या एका खेड्यातला शेतकरी. पित्तनळीत स्टेंट (पित्ताला वाट करून देणारी बारीक नळी) टाकून घरी पाठवलेल्या पेशंटला वेळेवर परत बोलवायची जबाबदारी आज कुणावरच नाही आणि त्यापायी माझी आई मरता मरता वाचली, म्हणून हे पत्र.

गेल्याच्या गेल्या दिवाळीनंतर आईचे डोळे पिवळे झाले, लघवी कोऱ्या चहासारखी, रात्रभर अंगाला खाज. गावात सगळे म्हणाले कावीळ आहे, उतरवून आणा. चुन्याच्या पाण्यात हात धुऊन झाले, पाणी पिवळं झालं, आईला बरं वाटलं आणि तिसऱ्या दिवशी हुडहुडी भरून ताप. मग सोनोग्राफी, एमआरसीपी (पित्तनळीचा एमआरआय), तेव्हा कळलं की पित्ताच्या पिशवीतले खडे खाली सरकून मेन पित्तनळीत आलेत, त्यातला एक १८ मिमीचा. ही नळी एरवी असते ६-७ मिमीची, त्यात एवढा दगड!

यावरचा इलाज म्हणजे ईआरसीपी. तोंडातून दुर्बीण घालून नळी जिथं आतड्यात उघडते तिथं छोटा कट देतात आणि बलूननं नाहीतर बास्केटनं खडे ओढून काढतात. १९७४ पासून जगात हे चालू आहे, पोट फाडावं लागत नाही, आणि बहुतेकांचे खडे असेच निघतात. पण शंभरातल्या दहा-पंधरा जणांचे निघत नाहीत, खडा १५ मिमीच्या वरचा असतो, नाहीतर घट्ट अडकलेला असतो, नाहीतर खाली नळीच अरुंद असते. मग मोठ्या बलूननं नळीचं तोंड ताणायचं, खडा बास्केटमध्येच चिरडायचा, किंवा नळीच्या आत दुसरी बारीक दुर्बीण घालून लेझरनं फोडायचा. यातलं काहीच जमण्यासारखं नसलं तर प्लास्टिकचा स्टेंट टाकून पित्ताला वाट करून देतात. तो तात्पुरता असतो, साधारण तीन महिन्यांत काढायचा किंवा बदलायचा, नाहीतर तुंबतो.

हे सगळं मला आज माहितीये. तेव्हा आईचा खडा न निघता असाच स्टेंट टाकून घरी पाठवलं, आणि आमच्या हातात फक्त डिस्चार्ज कार्ड होतं, सगळं इंग्रजीत, आणि खाली बारीक अक्षरात तीन महिन्यांनी दाखवा एवढीच एक ओळ. तोंडीही कुणी नीट सांगितलं नाही. आईचा पिवळेपणा गेला, ती जेवायला लागली, आम्ही समजलो खडा गेला. तूर झाली, हरभरा झाला, भाचीचं लग्न झालं, आणि सातव्या महिन्यात पेरणीच्या तोंडावर आई थंडीनं कापत बरळायला लागली. बीपी खाली, चार दिवस आयसीयू. काढलेला स्टेंट डॉक्टरांनी ट्रेमध्ये दाखवला, पेनच्या रिफिलपेक्षा थोडा जाड, आणि आत काळपट गाळ असा गच्च भरलेला की त्यातून पाण्याचा थेंब गेला नसता.

मग दुसऱ्या शहरात लेझर झालं. त्याचा व्हिडिओ डॉक्टरांनी मोबाईलवर दाखवला, पिवळट दगडावर हिरवा ठिपका आणि खडूच्या भुग्यासारखं उडत होतं. तासाभरात नळी साफ, नंतर पिशवीही काढली. पण त्या लेझरसाठी लागणारी आतली दुर्बीण एकदा वापरून टाकून द्यायची असते, आणि ती सरकारच्या महात्मा फुले योजनेत बसत नाही असं आम्हाला हेल्प डेस्कवर सांगितलं. ते पैसे कसे उभे केले ते इथं लिहीत नाही.

साहेब, या योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं कव्हर आहे, ते आमच्यासारख्यांसाठी मोठंच आहे. पण स्टेंट टाकला की केस झाली असं धरू नका ना! खडा निघाला आणि स्टेंटही निघाला, तेव्हाच फाइल बंद करा. दुसऱ्या, तिसऱ्या वेळच्या ईआरसीपीचा आणि खडा फोडण्याचा खर्च त्याच केसमध्ये धरा. बाळाचा डोस चुकला तर आशाताई दारात येते, टीबीच्या पेशंटची नोंद सरकारच्या निक्षय पोर्टलवर असते, हे तुमच्याच खात्याचं काम आहे आणि चांगलं काम आहे. मग आरोग्यमित्राकडे (हॉस्पिटलात योजनेचं काम बघणारा माणूस) स्टेंटची तारीख नोंदवून एक मेसेज, एक फोन आणि मराठीत लिहिलेलं कार्ड एवढं तरी का होऊ नये? मेडिकल कॉलेजं वैद्यकीय शिक्षण खात्याकडे आहेत हे माहितीये, तरी दोघांनी बसून राज्याच्या प्रत्येक महसूल विभागात एका सरकारी हॉस्पिटलात तरी अवघड खडे फोडायची सोय आणि ते जाणणारे गॅस्ट्रोचे डॉक्टर द्या. आमच्याकडचा माणूस हैदराबाद नाहीतर मुंबई गाठतो आणि वाटेतच त्याचा ताप चढतो.

आमच्या गावात आणखी एका काकांच्या नळीत स्टेंट आहे. त्यांना कार्ड वाचता येत नाही. मी त्यांची तारीख माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेननं लिहून ठेवलीये, पुढच्या महिन्याची १२ तारीख, आणि गाडीही मीच सांगून ठेवलीये.

आपला,
हिंगोली जिल्ह्यातला एक शेतकरी