ताई, समासातल्या त्या दोन ओळींसाठी

आदरणीय ताई,

मालिकेचा शेवटचा भाग प्रक्षेपित होऊन आठवडा लोटला, तरी तुमच्याशी बोलायला लागले की गळा दाटून येतो आणि म्हणायचे ते राहून जाते. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांना वाचता येईल असे.

तुमच्याकडे येण्यापूर्वी तीन वर्षे मी दुसऱ्या एका निर्मात्यांकडे लिहीत होते. रात्र जागून भाग पाठवायचा आणि प्रक्षेपणाच्या वेळी आपले कोणते वाक्य शिल्लक राहिले आहे ते शोधत बसायचे, हाच क्रम होता. श्रेयनामावलीत नाव दुसऱ्याचेच असे. विचारले तेव्हा "आधी काम शीक, नाव मागाहून येईल" असे उत्तर मिळाले, आणि शेवटच्या चार भागांचे मानधनही बुडाले. त्याविषयी याहून अधिक लिहावेसे वाटत नाही.

तुमच्याकडच्या माझ्या पहिल्याच भागाची पाने २६ झाली होती. पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरचे साधारण एक मिनिट, आणि अर्ध्या तासातून जाहिराती वजा जाता जेमतेम २२ मिनिटे हाती उरतात. त्या भागात, मुलगा घर सोडून जात असल्याचे सांगतो आणि आई एक शब्दही न बोलता त्याच्या सदऱ्याचे तुटलेले बटण शिवत राहते, असा एक प्रसंग होता. आधीच्या ठिकाणी पहिली कात्री तिथेच लागली असती, नाहीतर आईच्या तोंडी दहा ओळींचे रडगाणे आले असते. तुम्ही परत दिलेला मसुदा मी धडधडत्या छातीने उघडला. समासात पेन्सिलने, बारीक अक्षरांत लिहिले होते, "आई बोलत नाही, तेच बरोबर आहे. हे कापायचे नाही. तुला वेगळे वाटत असेल तर ही ओळ खोड." पुढची पाने चाळल्यावर कळले, की जास्तीची चारही पाने तुम्ही स्वतः लिहिलेल्या प्रसंगांतून काढली होती.

घड्याळ आणि खर्च सांभाळणारी निर्माती आणि शब्दाला जपणारी लेखिका एकाच व्यक्तीत नांदताना मी प्रथमच पाहिली. चित्रीकरणाच्या दिवशीही तुम्ही मला सेटवर बोलावून घेतलेत. २०२३ मध्ये अमेरिकेतील पटकथालेखकांनी १४८ दिवस संप केला, तेव्हा चित्रीकरण होईपर्यंत लेखकाला कामावर ठेवावे, हीही त्यांची एक मागणी होती. जे मिळवायला इतरांना संप करावा लागला, ते तुम्ही मी न मागता दिलेत. ज्याच्या हाती अधिकार आहे, त्याने तो इतक्या हळुवारपणे वापरावा, यापरता सज्जनपणा तो कोणता?

ते पान मी जपून ठेवले आहे. नव्या मालिकेच्या पहिल्या भागाचा मसुदा सोमवारी पाठवते. समास मुद्दाम रुंद सोडले आहेत.

तुमची ऋणी,
एक लेखिका