मलूल रोपाला पाण्याआधी तपासणी हवी

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

घरात बी रुजवून रोपे तयार करणाऱ्यांना आणि फांद्यांची छाटकलमे लावणाऱ्यांना वृत्तपत्रांतील बागकामाच्या सदरांमधून जो सल्ला मिळतो, तो बहुतेक वेळा थेट उपायापासून सुरू होतो. पान पिवळे पडले की खत द्या आणि रोप मलूल दिसले की पाणी द्या, असे सांगितले जाते. कोवळ्या रोपांच्या बाबतीत हा क्रम घातक आहे. वाढलेले झाड खोडातील व मुळांतील साठ्यावर चुकीचा उपचारही सोसते. दोन-चार पानांच्या रोपाजवळ असा साठा नसतो, त्यामुळे निदान चुकले तर ते दुरुस्त करण्याइतका वेळच हाती राहत नाही.

मलूल होण्याचेच पाहा. मुळांना पाण्याइतकीच प्राणवायूची गरज असते. रोप ज्यात वाढते ते माध्यम (माती किंवा कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा) सतत चिंब राहिले की त्यातील हवेच्या पोकळ्या पाण्याने भरतात, मुळे गुदमरतात, पुढे कुजतात आणि कुजलेली मुळे पाणी ओढू शकत नाहीत. अशा वेळी ओल्या मातीत उभे असलेले रोप तहानलेल्या रोपासारखेच मान टाकते. केवळ पाने पाहून या दोहोंत फरक करता येत नाही. तो कुंडी उचलून आणि माती चाचपून करावा लागतो. तहानलेल्या रोपाची कुंडी हलकी लागते आणि पाणी मिळाल्यावर ते काही तासांत सावरते. कुंडी जड असेल, मातीला आंबूस वास येत असेल आणि मुळे पांढरी व टणक असण्याऐवजी तपकिरी व बुळबुळीत झाली असतील, तर पाणी थांबवणे हाच उपचार ठरतो. कोकोपीटचा वरचा थर खाली ओल असतानाही कोरडा दिसतो, म्हणून नुसत्या वरच्या रंगावर विसंबू नये.

याच ओलाव्यात पिथियम, रायझोक्टोनिया यांसारखे रोगकारक जीव वाढतात आणि रोपांची मर होते. मातीलगतचे खोड पाणचट होऊन दोऱ्यासारखे बारीक होते व रोप आडवे पडते. पडलेले रोप वाचत नाही. त्याला मातीसह काढून टाकून शेजारची रोपे वाचवावीत. दाट पेरणी टाळणे, धुतलेले ट्रे आणि ताजे माध्यम वापरणे, ट्रेच्या तळाकडून पाणी देऊन उरलेले ओतून टाकणे आणि हवा खेळती ठेवणे, ही काळजी आधीच घेतली तर ही वेळ सहसा येत नाही.

उंच, फिकट आणि खिडकीकडे झुकलेले रोप जोमाने वाढत आहे, असा समज मला वारंवार आढळतो. वास्तविक ते उजेडाच्या शोधात आपला साठा खर्च करत असते. आपले डोळे मंद उजेडाशी सहज जुळवून घेत असल्यामुळे खोली आपल्याला प्रकाशमान वाटते, पण खिडकीपासून काही फूट आत गेल्यावर रोपाला मिळणारा प्रकाश फारच घटतो. दिव्याखाली वाढवायचे असल्यास बहुतेक भाजीपाल्याच्या रोपांना रोज 14 ते 16 तास प्रकाश पुरतो. उजेड कमी आणि खोली उबदार, ही जोडी तर सर्वांत वाईट. वाऱ्याने किंवा स्पर्शाने हलणाऱ्या रोपांची वाढ आखूड व दणकट होते, या परिणामाला मार्क जॅफी यांनी 1973 मध्ये शास्त्रीय नाव दिले. पंख्याची मंद झुळूक म्हणूनच उपयोगी पडते.

पिवळेपणा कोठून सुरू झाला, हे पाहणे आवश्यक आहे. सर्वांत खालची बीजदले, म्हणजे बी रुजताना प्रथम उघडणारी पाने, आपले काम संपल्यावर पिवळी पडून गळतात, त्यात काळजीचे काही नाही. जुनी पाने आधी पिवळी पडली तर नत्र कमी असण्याचा संभव असतो. नव्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा झाला तर लोह मिळत नसते, आणि त्यामागे बरेचदा विम्लधर्मी (आम्लाच्या उलट गुणाची) माती किंवा चिंब मुळे असतात. पानांची टोके करपली असल्यास साचलेल्या क्षारांचा संशय घ्यावा, आणि तेथे आणखी खत देणे म्हणजे अपाय वाढवणे होय. बीजदलांनंतरची खरी पाने फुटेपर्यंत बियांतील अन्न पुरते. त्यानंतरही नेहमीच्या मात्रेच्या चौथ्या हिश्श्याने खताला सुरुवात करावी.

छाटकलमांचे निदान वेगळे असते, कारण त्यांना मुळेच नसतात. कापलेल्या टोकातून थोडेसे पाणी वर चढते आणि पानांतून त्याहून अधिक उडून जाते. म्हणून दोन-तीनच पाने ठेवावीत, मोठी पाने अर्धी कापावीत, वर पारदर्शक पिशवी घालावी आणि ती रोज थोडा वेळ उघडावी. झाकलेले कलम थेट उन्हात ठेवल्यास आतील उष्णतेने ते शिजते. मुळे फुटण्यासाठी इंडोल ब्युटिरिक आम्ल उपयोगी आहे, मात्र जास्त मात्रेने कापलेले टोक करपते. नवे पान फुटले म्हणजे मूळ फुटले असे नाही. फांदीतील साठ्यावरही पान येते, तेव्हा त्या आनंदात पिशवी काढू नये. मांसल पानांच्या वनस्पतींना यातले काहीच लागू नाही. त्यांची जखम काही दिवस सुकू द्यावी आणि त्यांना झाकू नये.

घरातील रोप एकदम उन्हात नेल्यावर पानांवर पांढरे चट्टे पडतात. तो रोग नसतो, ऊन लागलेले असते. 7 ते 10 दिवस सावलीपासून उन्हापर्यंत टप्प्याटप्प्याने नेल्यास हे टळते.

आपल्या वृत्तपत्रात वाचकांच्या रोपांविषयीच्या प्रश्नांना उत्तरे देताना कुंडीचे वजन, मुळांचा रंग, पिवळेपणाची सुरुवात आणि खिडकीपासूनचे अंतर ही माहिती आधी मागवावी आणि ती मिळाल्याशिवाय खत किंवा औषध सुचवू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक